मॉरिशसची ‘बेस्ट लूझर’ पद्धत : ठेवावी की मोडीत काढावी?

रानवारा

मॉरिशसमध्ये संसदेच्या निवडणुकीचा अर्ज भरताना उमेदवाराला आपला समाज लिहावा लागतो. पर्याय चारच : हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. रकाना रिकामा ठेवला की अर्ज बाद. निकालानंतर जास्तीत जास्त ८ जादा जागा पडलेल्या उमेदवारांना दिल्या जातात, कुठल्या समाजाला संसदेत कमी जागा मिळाल्या ते पाहून. हीच ‘बेस्ट लूझर’ पद्धत. आणि हा हिशेब आजही १९७२ च्या जनगणनेवर चालतो, कारण त्यानंतर जनगणनेत समाज विचारणंच बंद झालं.

माझं मत असं की ही पद्धत जायला हवी. स्वातंत्र्याच्या वेळी तिने लोकांच्या मनातली भीती कमी केली, हे मान्य. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या आकड्यांवर आजच्या नागरिकाला चारपैकी एका खोक्यात बसवणं अन्यायाचं आहे. ज्यांना यातलं गणित, कायदा किंवा त्या बेटाचा इतिहास माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहा. तिथल्या मराठी समाजाचं यात काय होतं, तेही वाचायला आवडेल.

मतपेटी

आधी पद्धत नीट समजून घेऊ, कारण बहुतेक चर्चा इथेच घसरते.

मुख्य बेटावर २० मतदारसंघ, प्रत्येकी ३ खासदार. रॉड्रिग्स बेटाचा एक मतदारसंघ, २ खासदार. थेट निवडलेले एकूण ६२. मुख्य बेटावर प्रत्येक मतदाराने बरोबर ३ मतं द्यायची, दोनच खुणा केल्या तर मतपत्रिका बाद.

त्यानंतर निवडणूक पर्यवेक्षण आयोग हिशेबाला बसतो. प्रत्येक समाजाची १९७२ ची लोकसंख्या घ्यायची आणि तिला (त्या समाजाचे निवडून आलेले खासदार + १) ने भागायचं. ज्याचा भागाकार सर्वांत मोठा त्या समाजाला एक जागा. मग पुन्हा नव्याने भागाकार.

१९७२ चे आकडे : हिंदू ४,२८,१६७, मुस्लिम १,३७,०८१, चिनी २४,०८४, सर्वसाधारण २,३६,८६७. समजा ६२ पैकी ३८ हिंदू, ८ मुस्लिम, १ चिनी आणि १५ सर्वसाधारण निवडून आले (हे फक्त उदाहरण). भागाकार असे :

हिंदू ÷ ३९ = १०,९७९
मुस्लिम ÷ ९ = १५,२३१
चिनी ÷ २ = १२,०४२
सर्वसाधारण ÷ १६ = १४,८०४

पहिली जागा मुस्लिमांना. आता त्यांचा भाजक १० झाला, म्हणजे १३,७०८. दुसरी जागा सर्वसाधारणला (१४,८०४). त्यांचा नवा भागाकार १३,९३३, म्हणजे तिसरीही त्यांनाच. मग ते १३,१५९ वर येतात आणि चौथी जागा मुस्लिमांना जाते.

कुठला उमेदवार घ्यायचा? त्या समाजाच्या पडलेल्या उमेदवारांपैकी आपापल्या मतदारसंघात ज्याची मतांची टक्केवारी सर्वांत जास्त तो. तो नोंदणीकृत पक्षाचा हवा, अपक्षाला ही जागा मिळत नाही.

या पहिल्या ४ जागा पक्ष न बघता दिल्या जातात. त्यामुळे विजयी पक्षाची आघाडी घटली असेल तर ती भरून काढायला उरलेल्या ४ वापरतात, आणि तिथेही समाजाचा विचार असतोच. म्हणून दर वेळी आठच्या आठ भरतात असं नाही.

ओवी_७

सुरेख समजावलंत. एक शंका : चिनी समाजाचा एकही खासदार निवडून आला नाही तर?

मतपेटी

तर २४,०८४ ÷ १ = २४,०८४. बाकी कोणाचाच भागाकार एवढा नसतो, त्यामुळे पहिली जागा थेट त्यांना, पडलेला चिनी उमेदवार उपलब्ध असला म्हणजे झालं. १९७२ नंतर हा समाज स्थलांतरामुळे बराच आटला आहे, पण सूत्राला त्याचा पत्ता नाही. जुन्या आकड्यांचा दोष इथे सर्वांत ठळक दिसतो.

दर्यावर्दी

@रानवारा, पद्धत काढा म्हणणं सोपं आहे. ती आली कशी ते आधी पाहू.

ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्य हाच मुद्दा होता. शिवसागर रामगुलाम यांच्या आघाडीने ती जिंकली, पण सुमारे ४४ टक्के मतं गाएतान ड्युव्हाल यांच्या बाजूला, म्हणजे स्वातंत्र्याच्या विरोधात पडली. क्रिओल (मुख्यतः आफ्रिकी गुलामांचे वंशज), गोरे आणि अनेक अल्पसंख्याक यांना बहुसंख्याक हिंदूंच्या राज्याची धास्ती होती. जानेवारी १९६८ मध्ये राजधानी पोर्ट लुईत क्रिओल आणि मुस्लिम यांच्यात दंगल पेटली, ब्रिटिश सैन्य बोलवावं लागलं. जेमतेम दोन महिन्यांनी, १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला. १९६६ मध्ये निवडणूक पद्धत ठरवण्यासाठी नेमलेला बॅनवेल आयोग आणि नंतर ब्रिटिश मंत्री जॉन स्टोनहाउस यांच्या वाटाघाटींतून या ८ जागा ठरल्या होत्या. मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ हवे होते. ते न देता हा मधला मार्ग निघाला.

आणि परिणाम पाहा. १९८२ आणि १९९५ मध्ये एका आघाडीने मुख्य बेटावरच्या ६० पैकी ६० जागा घेतल्या. २०२४ मध्ये पुन्हा तेच. अशा वेळी त्या बेटावरचा विरोधी आवाज संसदेत दिसला तो फक्त बेस्ट लूझरमुळे. ही जागा काढली तर विरोधी बाकांवर बसणार कोण?

रानवारा

@दर्यावर्दी, इतिहास पटला. पण ६०-० हे दुखणं प्रत्येकी ३ मतांच्या पद्धतीतून येतं. पक्षाच्या तीन नावांवर ओळीने तीन खुणा करायची सवय लोकांना आहे, त्यामुळे ४० टक्के मतं मिळवूनही पक्ष शून्यावर राहू शकतो. चार बेस्ट लूझर आत घेतले म्हणजे ते दुखणं बरं होत नाही. आणि तेसुद्धा समाज पाहून घेतलेले, पक्षाची मतं पाहून नव्हे.

खडूफळा

मला वाटतं सगळ्यात मोठी गोची ‘सर्वसाधारण लोकसंख्या’ या गटात आहे. घटनेत या गटाची व्याख्या नकारार्थी आहे : जीवनपद्धतीवरून जो हिंदू, मुस्लिम किंवा चिनी वाटत नाही तो इथे. म्हणजे साखरमळ्यांचे फ्रेंच वंशाचे मालक आणि त्याच मळ्यांवर राबलेल्या गुलामांचे वंशज एकाच खोक्यात.

१ फेब्रुवारी १८३५ ला गुलामी संपली तेव्हा भरपाई मिळाली ती मालकांना, सुमारे २१ लाख पौंड. गुलामांच्या वाट्याला आली ती आणखी काही वर्षांची सक्तीची ‘उमेदवारी’, म्हणजे जुन्याच मालकांकडे शिकाऊ म्हणून राबणं. आज या गटातून एखादा सुखवस्तू उमेदवार बेस्ट लूझर म्हणून गेला तर कागदावर ‘समाजाला प्रतिनिधित्व’ मिळालं. पण पोर्ट लुईच्या रोश-ब्वा या गरीब वस्तीतल्या क्रिओल कुटुंबाचं म्हणणं मांडायला कोण गेलं?

१९९३ पासून तिथे ‘मालेझ क्रेओल’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. क्रिओल समाज मागे पडलाय ही वेदना एका कॅथलिक धर्मगुरूने जाहीरपणे मांडली होती. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया हा सेगे (सेगा आणि रेगे यांचं मिश्रण) गाणारा गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेट पेटलं. तेव्हाचे राष्ट्रपती कासम उतीम स्वतः रस्त्यावर उतरून लोकांना शांत करत होते. बेस्ट लूझर तेव्हाही होतीच.

कोकणकडा

मराठी समाजाबद्दल विचारलंय म्हणून. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून, विशेषतः कोकणातून गिरमिटिया (करारबद्ध) मजूर गेले, त्यांचे हे वंशज. संख्येने थोडे, लोकसंख्येच्या दोनेक टक्के. कास्कावेल गाव हे त्यांचं जुनं ठाणं. गणेशचतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते, शाळेत मराठी हा ऐच्छिक विषय आहे आणि कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ म्हणून अजून नाचली जाते.

पण निवडणुकीच्या अर्जावर मराठी, तमिळ, तेलुगू असा रकाना नाही. सगळे ‘हिंदू’. तमिळ संघटनांनी स्वतंत्र गटाची मागणी केलेली आहे. म्हणजे सणाला, शाळेला आणि धार्मिक संस्थांच्या सरकारी अनुदानाला तुम्ही मराठी, आणि मतमोजणीला हिंदू. हिंदूंचा भागाकार सहसा लहान येत असल्याने या लहान गटांना बेस्ट लूझरमधून मिळतं ते जवळजवळ शून्यच.

पायवाट

तिथल्या सुट्ट्यांची यादीच किती बोलकी आहे! कावडी, महाशिवरात्र, उगादी, चिनी नववर्ष, ईद, दिवाळी, नाताळ. कॅथलिकांचे दोन सण तर आलटून पालटून, एका वर्षी एक आणि पुढच्या वर्षी दुसरा. शिवाय १ फेब्रुवारी गुलामीमुक्तीची आणि २ नोव्हेंबर गिरमिटियांच्या आगमनाची. सगळ्यांचे लाडू खाल्ले तर वर्षभर उपास करायला दिवसच उरणार नाही :)

शेतसारा

संसदेच्या जागांपेक्षा जमीन हा खरा प्रश्न आहे, निदान क्रिओल आणि छोट्या भारतीय वंशाच्या शेतकऱ्यांसाठी. जमीन हातातून जाते कशी, ते क्रमाने सांगतो.

१८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं, पण शरणागतीच्या अटींनुसार फ्रेंच कायदा, भाषा आणि चालीरीती कायम ठेवल्या. म्हणून आजही दिवाणी कायदा नेपोलियनच्या संहितेवर उभा आहे, तर फौजदारी कामकाज इंग्रजी वळणाचं आणि अंतिम अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे. या संहितेनुसार वारसांमध्ये जमीन समान वाटली जाते. पणजोबांच्या नावावर दोन-तीन एकर असतील तर चार-पाच पिढ्यांनी त्याचे शंभरावर वारस होतात. वाटणीसाठी मोजणीदार, नोटरी, दस्त नोंदणी, सगळ्याला पैसे लागतात. म्हणून वाटणी होतच नाही, जमीन सामाईक राहते आणि अर्धे वारस गावाबाहेर.

मग येते ‘प्रेस्क्रिप्स्यों’. ३० वर्षं अखंड, उघडपणे आणि मालकासारखा कब्जा असेल तर त्या जमिनीची मालकी सांगता येते. शपथपत्र करायचं, मोजणीदाराचा नकाशा जोडायचा, नोटीस छापायची, आणि कोणी हरकत घेतली नाही की दस्त नोंदवायचा. गोम त्या नोटिशीतच आहे. दस्तांची भाषा फ्रेंच, वारस विखुरलेले, कित्येकांना लिहिता-वाचता येत नाही. शेजारच्या मोठ्या मळ्याने कुंपण सरकवत नेलं आणि कागद आधी करून घेतला की जुन्या मालकाने मूळ दस्त शोधून आणेपर्यंत उशीर झालेला असतो.

सत्य आणि न्याय आयोगाने २०११ च्या अहवालात ही तक्रार विस्ताराने नोंदवली आहे. गुलामी आणि गिरमिट या दोन्हींचे आजवरचे परिणाम एकत्र तपासणारा तो आयोग होता. त्याच्या शिफारशींपैकी जमिनीच्या दाव्यांसाठी सर्वोच्च न्यायालयात वेगळा विभाग निघाला, तोही बऱ्याच वर्षांनी. आता दावे तिथे जातात, पण पुरावा द्यायची जबाबदारी अजून गरीब वारसावरच आहे.

दर्यावर्दी

@शेतसारा, किनाऱ्याचंही लिहा.

शेतसारा

किनाऱ्यालगतची पट्टी, ‘पा झेओमेत्रिक’, फ्रेंच काळापासून सरकारी. भरतीच्या रेषेपासून ५० पावलं, म्हणजे ८१.२१ मीटर. ती विकता येत नाही, भाडेपट्ट्याने मिळते. त्या पट्ट्यांवर बंगले आणि हॉटेलं उभी राहिली. कोळी कुटुंबाला होडी ओढायला वाट हवी असते ती दोन कुंपणांच्या मधून. प्रतिनिधित्वाचा प्रश्न असाही असतो.

ओवी_७

भाषेचा मुद्दा अजून कोणी घेतला नाही. घरात बहुतेक सगळे क्रिओल भाषा बोलतात, भारतीय वंशाचेसुद्धा. पण घटनेच्या ४९ व्या कलमानुसार संसदेची भाषा इंग्रजी, हवं तर फ्रेंचमध्ये बोला. क्रिओल शाळेत ऐच्छिक विषय म्हणून आली ती २०१२ मध्ये. त्याआधी भारतीय वंशाच्या मुलाला हिंदी, उर्दू, तमिळ, मराठी यांपैकी एक विषय घेता यायचा आणि क्रिओल मुलाला आपल्या पूर्वजांची अशी भाषाच नव्हती. प्राथमिकच्या शेवटच्या परीक्षेत चांगल्या माध्यमिक शाळा क्रमवारीवर मिळायच्या. त्या क्रमवारीत पौर्वात्य भाषांचे गुण धरायचे की नाही यावरून १९९५ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ यांनी घटनादुरुस्ती आणली, ती पडली, निवडणूक झाली आणि दर्यावर्दी म्हणतात तो ६०-० चा निकाल लागला. भाषेच्या गुणांवरून सरकार गेलं!

कोकणकडा

हो, आणि त्यात चूक कोणा एका बाजूची नव्हती. मराठी-तमिळ पालकांना वाटायचं, गुण धरले नाहीत तर मुलं विषयच सोडतील. क्रिओल पालकांना वाटायचं, आमच्या मुलाला एक विषय कमी. दोन्ही गाऱ्हाणी खरी.

शून्यप्रहर

थोडं विषयांतर. वसाहतीचा सर्वांत ताजा हिशेब चागोसचा. स्वातंत्र्याआधी, नोव्हेंबर १९६५ मध्ये ब्रिटनने हा द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडला आणि बदल्यात ३० लाख पौंड दिले. १९६८ ते १९७३ दरम्यान तिथल्या सुमारे दीड हजार रहिवाशांना हलवलं, दिएगो गार्सियावर अमेरिकी तळ आला. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हे तोडणं बेकायदा असल्याचं मत दिलं. २२ मे २०२५ ला ब्रिटन आणि मॉरिशसने करारावर सह्या केल्या : सार्वभौमत्व मॉरिशसचं, दिएगो गार्सिया ९९ वर्षांच्या पट्ट्यावर ब्रिटनकडे.

हे इथे सांगायचं कारण, पोर्ट लुईत येऊन पडलेले चागोसवासीही ‘सर्वसाधारण लोकसंख्या’तच मोजले गेले. आणि वाटाघाटीच्या टेबलावर त्यांना स्वतःची खुर्ची नव्हती, ही त्यांच्यातल्या अनेकांची तक्रार आहे.

माधुकरी

आपल्याकडचा अनुभव आठवतो. १९०९ चे विभक्त मतदारसंघ, १९३२ चा पुणे करार, मग राखीव जागा. पण राखीव मतदारसंघात सगळे मतदार मिळून त्या समाजाचा उमेदवार निवडतात. बेस्ट लूझरमध्ये मतदाराने नाकारलेला माणूस सूत्राने आत येतो. माझ्या मते राखीव जागा ही पुष्कळ अधिक लोकशाहीची वाट आहे.

मतपेटी

@माधुकरी, नाकारलेला म्हणणं थोडं कडक होतं. तीन जागांच्या मतदारसंघात चौथा आलेला माणूस ४५ टक्के मतं घेऊनही पडतो. आणि राखीव मतदारसंघ आले की जागेगणिक जात चिकटते. मॉरिशसमध्ये ते एक टाळलं गेलं, हे चांगलंच झालं.

मात्र मतदारसंघ सारखे नाहीत. पोर्ट लुईमधल्या ३ क्रमांकाच्या मतदारसंघात जेवढे मतदार आहेत, त्याच्या जवळपास तिप्पट सावान-ब्लॅक रिव्हरच्या १४ क्रमांकात. दोघांनाही तीनच खासदार. सीमा ओढताना समाजांचा तोल सांभाळला गेला, त्याचा हा परिणाम. बेस्ट लूझर काढायची असेल तर या सीमाही हलवाव्या लागतील, आणि तिथे हात घालायला कुठलाच पक्ष धजत नाही.

खडूफळा

कायद्याची बाजू राहिली. समाज जाहीर करायला नकार दिला म्हणून ‘रेझिस्तान्स एक आल्टरनातिव’ पक्षाच्या उमेदवारांचे अर्ज बाद झाले. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि शेवटी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१२ मध्ये मत दिलं की १९७२ चे आकडे धरून अशी सक्ती करणं हा हक्कभंग आहे : आकडे ताजे करा, आणि ही पद्धत अजून लागते का याचा फेरविचार करा. मग २०१४ मध्ये तात्पुरता कायदा झाला, फक्त त्या एका निवडणुकीपुरती जाहीर न करण्याची मुभा. २०१९ मध्ये पुन्हा सक्ती, पुन्हा अर्ज बाद.

आणखी एक मेख. एखाद्याने जाहीर केलेला समाज खरा नाही अशी हरकत आली तर सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशासमोर ठरतं, पुढे अपील नाही. न्यायाधीशाने माणसाची ‘जीवनपद्धती’ तपासायची! मिश्र विवाहातल्या मुलाची कशी तपासणार?

दर्यावर्दी

आकडे ताजे करणं हे मला सर्वांत धोक्याचं वाटतं. आज समाज विचारणारी जनगणना घेतली की तिच्या आधी सहा महिने प्रत्येक संघटना ‘आपला आकडा वाढवा’ म्हणून दारोदार फिरेल. १९७२ च्या आकड्यांचा एक फायदा असा की त्यांच्यावर आता कोणी भांडत नाही.

रानवारा

म्हणजे आकडे ताजे करणं धोक्याचं आणि जुने ठेवणं अन्यायाचं. मग समाजाचा रकाना काढूनच मार्ग शोधायला हवा. @मतपेटी, पर्याय काय?

मतपेटी

२००२ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे न्यायमूर्ती अॅल्बी सॅक्स यांच्या आयोगाने ३० जादा जागा पक्षांच्या मतांच्या प्रमाणात, याद्यांमधून भरायचं सुचवलं होतं. त्यासाठी १० टक्के मतांचा उंबरठा. २०१८ च्या विधेयकात ३० च्या १२ झाल्या आणि तेही अडलं, घटनादुरुस्तीला तीन चतुर्थांश खासदार लागतात.

मला पटणारी मांडणी : ६२ थेट जागा तशाच, ८ च्या ऐवजी २० ते ३० यादीच्या जागा, आणि त्या भरपाईच्या पद्धतीने, म्हणजे ज्याची मतं जास्त पण जागा कमी त्याला आधी. यादी निवडणुकीपूर्वी जाहीर करायची, नावांचा क्रम निकालानंतर नेत्याला बदलता येणार नाही. पक्ष यादीत सगळ्या समाजांची माणसं घालतीलच, कारण त्यांना सगळीकडची मतं हवी असतात. तिकिटं वाटताना आजही हा हिशेब करतातच. फरक एवढाच की उमेदवाराला अर्जावर शिक्का मारून घ्यावा लागणार नाही. स्त्रियांसाठी यादीत दर तीन नावांत किमान एक असा नियम घालता येईल. स्थानिक निवडणुकांत दोन तृतीयांशांपेक्षा जास्त उमेदवार एकाच लिंगाचे नकोत हा नियम आधीपासून आहे आणि त्याने स्त्रियांची संख्या लगेच वाढली.

दर्यावर्दी

आणि मुस्लिम मतदाराला हमी काय? यादीतलं सातवं नाव?

मतपेटी

रास्त प्रश्न. म्हणून मी पहिल्या दोन निवडणुकांत दोन्ही पद्धती समांतर चालवायच्या मताचा आहे. समाज जाहीर करणं ऐच्छिक, आणि याद्यांमधून समतोल आला नाही तरच ४ बेस्ट लूझर.

शून्यप्रहर

रॉड्रिग्स विसरू नका. तिथल्या पक्षाला अख्ख्या देशात १० टक्के मतं कधीच मिळणार नाहीत, त्यामुळे उंबरठा त्या बेटाला लावला तर यादीतून ते कायमचे बाहेर. तिथल्या प्रादेशिक विधानसभेत यादीची पद्धत आधीच वापरून झाली आहे. २०१२ मध्ये थेट जागा ८ विरुद्ध ४ होत्या, यादीच्या जागा धरल्यावर तो आकडा ११ विरुद्ध १० झाला. एका माणसाने बाजू बदलली की सरकार कोसळलं असतं, म्हणून २०१६ मध्ये नियम बदलावे लागले. तेव्हा भरपाई पूर्ण द्यायची की निम्मी, हा आकडा आधी ठरवा. पोर्ट लुईतल्या नेत्यांचं घोडं खरं तर तिथेच अडतं.

रानवारा

@शून्यप्रहर, त्या २०१६ च्या दुरुस्तीत नेमकं काय बदललं ते कोणाला माहीत असेल तर लिहा. निम्मी भरपाई आणि रॉड्रिग्सला उंबरठ्यातून सूट, एवढ्यावर दर्यावर्दी तयार होणार असतील तर बेस्ट लूझर सरसकट आणि ताबडतोब काढावी हा माझा आग्रह मी मागे घेतो. समाज सांगण्याची सक्ती मात्र पुढच्या निवडणुकीआधीच जायला हवी.